बंदुकीला कुलूप हवं, आणि ते मोठ्यांनीच लावायला हवं

2001 साली अमेरिकेतल्या ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत बसवलं होतं. एका खणात पाण्याची खेळण्यातली पिस्तुलं, दुसऱ्यात खरं पिस्तूल. खऱ्यात गोळ्या नव्हत्या. मात्र ट्रिगर पुरेशा जोराने ओढला, तर त्याची नोंद होत होती. संशोधक काचेआडून पाहत होते. 29 पैकी 21 गटांना ते पिस्तूल सापडलं, 16 गटांनी हाताळलं आणि 10 गटांत कुणी ना कुणी ट्रिगर ओढलाच. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना ते खेळणं वाटलं, किंवा खरं की खोटं हे कळेना. आणि ज्यांनी हात लावला, त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबाबत काय करायचं नाही हे आधी शिकवलेलं होतं!

हा शेवटचा आकडा माझ्या मनातून जात नाही. ‘आम्ही त्याला बजावून ठेवलंय’ यावर विसंबणं किती धोक्याचं आहे, हे त्यातून दिसतं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका पाहणीत ‘आमच्या मुलानं कधी बंदुकीला हात लावलेला नाही’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी 22 टक्क्यांची मुलं नेमकं उलटं सांगत होती.

बंदूक मुलांच्या हाती लागू न देण्याची जबाबदारी मुलावर न टाकता ती बाळगणाऱ्यावर टाकणारे कायदे अमेरिकेत या प्रयोगाआधीच आले होते. पहिला फ्लोरिडात, 1989 साली. असे कायदे झालेल्या 12 राज्यांत 15 वर्षांखालील मुलांचे बंदुकीने होणारे अपघाती मृत्यू 23 टक्क्यांनी घटल्याचं 1997 मध्ये दिसून आलं. पुढे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ही घट मुख्यतः फ्लोरिडातली निघाली. तिथे अशी हयगय गंभीर गुन्हा ठरू शकत होती. शिक्षेला धार नसेल तर कायदा कागदावरच राहतो, असं मला यावरून वाटतं.

शिवाय हे कायदे सगळीकडे सारखे नाहीत. बऱ्याच राज्यांत मुलाच्या हाती बंदूक लागल्यावरच मालक अडकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र घरात मूल असो वा नसो, वापरात नसलेली बंदूक कुलपातच हवी. मिशिगनमध्ये 2021 साली ऑक्सफर्ड नावाच्या गावातल्या शाळेत 15 वर्षांच्या विद्यार्थ्याने चौघांचा जीव घेतला, त्यानंतर मुलांपासून बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा झाला आणि तो 2024 मध्ये लागू झाला.

कुलपाचा उपयोग अपघातापुरता नाही. किशोरवयात टोकाचा विचार बरेचदा अचानक येतो आणि ओसरतोही. त्या वेळी बंदूक हाताशी नसली तर जीव वाचू शकतो. बंदूक रिकामी ठेवणं, कुलपात ठेवणं, गोळ्यांनाही कुलूप लावणं आणि त्या वेगळ्या जागी ठेवणं, या चारही सवयींनी मुलांचा धोका घटतो, असं 2005 च्या एका अभ्यासात आढळलं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत बंदूक नसेलही, पण मूल मित्राकडे खेळायला जातंच. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, की पाठवण्याआधी विचारा: घरी बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का? ॲलर्जीबद्दल विचारतो, तितक्याच सहज हेही विचारता येतं.