डीब्रीफिंग झालं, मग पिअर सपोर्ट कशाला?

आगीचा किंवा अपघाताचा एखादा वाईट कॉल संपतो. गाडी स्टेशनात परत येते, पाइप वाळत घातले जातात, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलला जातो. तासाभराने सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज पडतो: उद्या सकाळी ११ वाजता डीब्रीफिंग, सर्वांनी हजर राहावे. दुसऱ्या दिवशी खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. बाहेरून आलेली एक व्यक्ती शांत आवाजात बोलायला सुरुवात करते, दीड-दोन तासांनी सगळे सह्या करून पांगतात आणि फायलीत नोंद होते: 'कर्मचाऱ्यांना पिअर सपोर्ट देण्यात आला.'

ही नोंद चुकीची आहे. झालं ते डीब्रीफिंग. पिअर सपोर्ट, म्हणजे प्रशिक्षित सहकाऱ्याने सहकाऱ्याला दिलेला आधार, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बहुधा अजून सुरूही झालेली नाही.

गल्लत होते यात नवल नाही. अग्निशमन दल असो, रुग्णवाहिका असो की पोलीस, दोन्हींत बोलणं असतं, दोन्हींत सहकारी असतात आणि काहीतरी भयंकर घडल्यावरच दोन्हींची आठवण होते. त्यात 'डीब्रीफ' हा शब्दही फसवा. पाणी वेळेवर का मिळालं नाही, दुसरी गाडी उशिरा का पोहोचली, याची उजळणी करतात तिलाही डीब्रीफच म्हणतात. ती कामाची बैठक, तिचा मनाशी संबंध नाही. या दोन बैठका एकत्र उरकायचा मोह मात्र आवरावा. समोर साहेब वही उघडून बसलेले असताना 'माझे हात थरथरत होते' असं कोण सांगेल?

मनासाठीच्या डीब्रीफिंगचा जो साचा सगळीकडे पसरला तो जेफ्री मिचेल यांचा. ते स्वतः आधी अग्निशमन आणि पॅरामेडिकच्या कामात होते. १९८३ मध्ये त्यांनी आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या एका नियतकालिकात ही पद्धत मांडली. तिच्यात सात पायऱ्या. आधी ओळख आणि नियम, मग प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगायचं, मग पहिला विचार कोणता आला ते. चौथी पायरी सगळ्यात खोल: यात सगळ्यात वाईट काय होतं? तिथून पुन्हा वर यायचं. झोप, भूक, चिडचिड यांत काय बदल जाणवतो, हे बदल का होतात, आणि शेवटी कामावर परतणं. घटनेनंतर साधारण २४ ते ७२ तासांत, एकाच प्रसंगाला सामोऱ्या गेलेल्या गटाची ही बैठक घ्यायची. ती मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ आणि प्रशिक्षित सहकारी मिळून चालवतात. 'डीब्रीफिंग म्हणजेच पिअर सपोर्ट' हा समज बहुधा या दुसऱ्या खुर्चीमुळे रुजला असावा.

कल्पना सरळ होती आणि लोकांना ती पटली. ज्या पेशात 'काही होत नाही रे' हेच सगळ्याचं उत्तर होतं, तिथे कुणीतरी खुर्च्या गोल मांडून 'होतं' असं म्हणालं. हे ऋण मानायलाच हवं.

पण पुढे चाचण्या झाल्या आणि चित्र बिघडलं. १९९७ साली ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींचं एकदा डीब्रीफिंग केलं, काहींचं नाही. १३ महिन्यांनी पाहिलं तर डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी होता. न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के. आता हे आकडे उचलून 'डीब्रीफिंग घातक' असं ओरडणं सोपं आहे, पण थोडं थांबावं. डीब्रीफिंगच्या गटातले रुग्ण मुळात जास्त गंभीर भाजलेले होते. शिवाय ते रुग्ण होते, दलाचे जवान नव्हते, आणि बैठक गटाची नव्हती. तरीही २००० साली रस्ते अपघातातल्या जखमींचा तीन वर्षांनंतरचा आढावा आला, त्यातही तोच सूर निघाला. ज्यांना सुरुवातीलाच फार त्रास होत होता त्यांपैकी डीब्रीफिंग झालेले त्रासातच राहिले आणि न झालेले हळूहळू सावरले. २००२ मध्ये कॉक्रेन या, उपचारांवरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने असे १५ प्रयोग एकत्र तपासले आणि म्हटलं की आघात झालेल्यांचं सक्तीचं डीब्रीफिंग थांबवावं. उपचार कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही पीटीएसडी टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी डीब्रीफिंग देऊ नका असंच सांगतात.

मग गटाच्या बैठकीचं काय? ऑस्ट्रेलियात ६७ स्वयंसेवी अग्निशमन जवानांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गटाने डीब्रीफिंग केलेल्यांमध्ये दारूचं प्रमाण कमी दिसलं आणि जगण्याचा दर्जाही थोडा बरा. पीटीएसडीच्या लक्षणांवर मात्र फरक नाही. थोडक्यात, हे विष नाही आणि लसही नाही.

त्रास नेमका कुठून होतो, हे आकड्यांपेक्षा त्या गोल खुर्च्यांत लवकर दिसतं. समजा, आगीच्या कॉलवर चौघे आत गेले आणि एकजण बाहेर पंपावर होता. त्याने धूर पाहिला, वायरलेसवरचे आवाज ऐकले, बस्स. आत खोलीत काय होतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर पहिला जवान वर्णन करतो, मग दुसरा, मग तिसरा. पंपावरचा माणूस जे दृश्य घेऊन आला नव्हता ते घेऊन घरी जातो. शिवाय वेळ. तिसऱ्या दिवशी कुणाला बोलायचं असतं, कुणाला फक्त झोपायचं असतं. बैठकीचं घड्याळ मात्र सगळ्यांसाठी एकच असतं.

आता दुसरी बाजू.

पहाटेचे चार. लहान मुलाचा कॉल होता, मूल वाचलं नाही. रुग्णवाहिका धुऊन झालीय, तरी एकजण मागच्या दारात गुडघ्यावर बसून फरशी पुसतोय. त्याच शिफ्टमधला, पण दुसऱ्या गाडीवरचा एक सहकारी येतो. काही न बोलता दुसरं फडकं उचलतो आणि स्ट्रेचरची चाकं पुसायला लागतो.

"तिसऱ्यांदा पुसतोयस."

"डाग राहिलाय."

"कुठं?"

उत्तर येत नाही. थोड्या वेळाने सहकारी विचारतो, "घरी गाडी तू चालवणार आहेस का? मी सोडतो."

हा पिअर सपोर्ट. लक्षात घ्या, त्याने 'काय पाहिलंस' विचारलं नाही, 'कसं वाटतंय' असंही नाही. रात्रभर जागून हादरलेल्या माणसाने गाडी चालवू नये एवढं पाहिलं. परवा तो एक मेसेज टाकेल, झोप लागतेय का एवढाच. समोरच्याला बोलावंसं वाटलं तर ऐकेल आणि नाही वाटलं तर ओढून काढणार नाही. साधारण महिन्याने पुन्हा विचारेल, कारण महिन्याला अर्थ आहे. पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, तेच तेच दिसणं, झोप उडणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. पीटीएसडीचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच होतं. म्हणून महिन्यानंतरचा प्रश्न पहिल्या रात्रीच्या प्रश्नापेक्षाही मोलाचा ठरू शकतो. ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स या सैनिकी दलात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेली ट्रिम ही पद्धत याच तत्त्वावर आहे. प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी बोलतो आणि महिन्याने पुन्हा, आणि त्रास वाढलाय की उतरलाय ते पाहतो. उपचार करत नाही.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. डीब्रीफिंगला घटना लागते आणि ती 'मोठी' आहे की नाही हे बाहेरून कुणीतरी ठरवतं. किती मृत, किती जखमी, बातमी झाली का. पण माणसं मोडतात ती बऱ्याचदा अशा कॉलवर, ज्याची कुणी बैठक बोलावणार नाही. अपघात किरकोळ असतो, फक्त गाडीत पडलेलं दप्तर आपल्या मुलीच्या दप्तरासारखं असतं. किंवा एकही कॉल फार वाईट नसतो, पण या महिन्यातला तो अकरावा असतो. तसला अकरावा कॉल कुठल्याच नोंदवहीत 'गंभीर घटना' म्हणून चढत नाही. शेजारच्या लॉकरवाल्याला मात्र तो दिसतो, कारण गेले चार दिवस हा माणूस विनोदांवर हसत नाहीये.

कंट्रोल रूममधल्या लोकांचा विचार केला की हे आणखी टोचतं. बैठकीची यादी गाडीवर कोण होतं यावरून बनते. फोनवर शेवटपर्यंत आईला छाती कशी दाबायची ते सांगणारी डिस्पॅचर त्या यादीत नसते. तिने काहीच पाहिलं नाही, फक्त ऐकलं, आणि मग फोन बंद झाला. शेवट काय झाला हेही तिला अनेकदा कळत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने, कामाच्या निमित्ताने आघातांचे भीषण तपशील पुन्हा पुन्हा झेलणं हाही पीटीएसडीला कारण ठरणारा अनुभव मानला आहे. दलांच्या याद्या अजून त्या गतीने बदललेल्या नाहीत.

आता पिअर सपोर्टचं कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यायला हवा. त्याने पीटीएसडी टळतो असा पुरावा नाही. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर ट्रिमचा प्रयोग झाला, त्यात मानसिक आरोग्यावर ठळक फायदा दिसला नाही, नुकसानही झालं नाही. शिवाय 'आपण सगळे एकमेकांना आहोतच की' याला पिअर सपोर्ट म्हणत नाहीत. दारूच्या बाटलीभोवती रात्री दोनपर्यंत बसणंही सहकाऱ्यांचंच असतं.

२०१२ साली १७ देशांतल्या ९२ तज्ज्ञांनी आणि अनुभवी सहकाऱ्यांनी एकमताने काही अपेक्षा मांडल्या. पिअर हा क्षेत्रातला पुरेसा अनुभव असलेला आणि बाकीच्यांना मान्य असलेला माणूस असावा, त्याची रीतसर निवड आणि प्रशिक्षण व्हावं, त्याच्या मागे तज्ज्ञ उभा असावा आणि त्याचीही काळजी घेतली जावी. शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी विसरला जातो. चांगला ऐकणारा एकच असला की सगळे त्याच्याकडे जातात. सहा महिन्यांत तो इतरांच्या रात्री स्वतःच्या डोक्यात घेऊन फिरत असतो. आणि जो त्याच कॉलवर होता, त्याच्यावर त्या कॉलपुरती ही जबाबदारी टाकू नये. त्यालाही त्या रात्री कुणीतरी लागतंच.

गुप्ततेबद्दल दोन शब्द, कारण विश्वास इथेच तुटतो. डॉक्टरशी बोललेलं कायद्याने जसं जपलं जातं तसं पिअरशी बोललेलं आपोआप जपलं जात नाही. नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत केंद्रीय पोलीस यंत्रणांतल्या पिअर सपोर्टच्या संभाषणांना संरक्षण देणारा कायदा झाला तो २०२१ मध्ये. म्हणून चांगला पिअर बोलणं सुरू होण्याआधीच सांगतो, "जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, बाकी माझ्यापाशीच राहील." हे नंतर सांगितलं तर तो दगा वाटतो. वरिष्ठाने पिअर होऊ नये ते याचसाठी. त्याच्या हातात तुमचा वार्षिक अहवाल असतो.

डीब्रीफिंग बंदच करावं का? नाही. गट एकाच अनुभवाचा असेल, यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असेल आणि नंतरही कुणी विचारपूस करणार असेल, तर चौघांनी बसून रात्रीचे तुकडे जुळवण्यात दिलासा असू शकतो. 'मीच उशीर केला' असं मनाशी घेऊन बसलेल्याला तिथे कळतं की दार मुळातच अडकलेलं होतं. फक्त हजेरीची सही घेऊन त्याला उपचार म्हणू नये.

उपचार ही तिसरीच खोली. आघातावर लक्ष केंद्रित करणारी वर्तनोपचाराची सत्रं किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत), तीही प्रशिक्षित तज्ज्ञाकडून. पिअरचं काम त्या खोलीच्या दारापर्यंत. फरशी पुसणारा तो माणूस महिन्यानंतरही झोपत नसेल, ड्युटीवर येताना तो रस्ता टाळून लांबून वळसा घेत असेल, तर सहकारी त्याला नुसता नंबर देत नाही. नंबर आधीच दिलेला असतो आणि कागद खिशात चुरगळलेला असतो. तो शेजारी बसून फोन लावायला लावतो, वेळ ठरेपर्यंत थांबतो, आणि पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर ५० मिनिटं बसून राहतो.