अपमानाने अडलेली माहिती

भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणून कचेरीतील कुरबुरींकडे कानाडोळा करण्याची आपल्याकडे रीत आहे, तर ‘मतभेदांमुळे काम सुधारते’ हे व्यवस्थापनाच्या कार्यशाळांमधून हिरिरीने सांगितले जाते. दुसरा दावा फार तर अर्धा खरा आहे. २००३ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा कामावरून होणारा वाद आणि माणसाविषयीचा आकस, या दोहोंचेही खालावलेल्या कामगिरीशी नाते आढळले.

काम नेमके कोठे बिघडते, हे इस्रायलमधील आरिये रिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगातून दिसते. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतील २४ चमूंपुढे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती आतड्याच्या गंभीर विकाराने झपाट्याने ढासळत असल्याचा बनाव उभा करण्यात आला. काही चमूंना एका परदेशी तज्ज्ञाच्या तोंडून इस्रायली वैद्यकीय सेवेविषयी हिणकस शेरे ऐकवले गेले. त्यांत या चमूंच्या कामाचा उल्लेखही नव्हता. इतरांनी तटस्थ वाक्ये ऐकली. कोणी काय ऐकले हे ठाऊक नसलेल्या तीन परीक्षकांनी चित्रफिती पाहून गुण दिले, तेव्हा अपमान ऐकलेल्यांचे निदानही कमी पडले आणि उपचारही. विशेष म्हणजे दोन्हींच्या वाटा वेगळ्या निघाल्या: निदान घसरण्यामागे माहितीची देवाणघेवाण आटणे होते, तर उपचार घसरण्यामागे मदत मागणे कमी होणे. बाळाचे फुगलेले पोट परिचारिकेने पाहिले, पण ती बोललीच नाही, तर ते डॉक्टरांच्या निदानात येणार कोठून?

तेथे टोचून बोलणारा किमान परका तरी होता. सहकाऱ्यांमध्ये अविश्वास शिरला की ज्ञान कसे दडवले जाते, याच्या तीन तऱ्हा कॅनडातील कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडल्या: ‘नंतर पाठवतो’ म्हणून टोलवणे, वेड पांघरून पेडगावला जाणे, किंवा ‘वरून मनाई आहे’ असे कारण पुढे करणे. शिवाय भांडण पाच मिनिटांत आटोपले, तरी माणूस घरी जाऊन ते मनात घोळवत राहतो आणि हृदयगती, रक्तदाब यांच्यावरील ताण लांबत जातो. कचेरीतील भांडणे मिटावीत म्हणून साहेबांची खुर्ची नैऋत्येला सरकवणाऱ्या वास्तुतज्ज्ञांकडे यावर उपाय असण्याचे काहीच कारण नाही.

माहिती दडवणाऱ्यालाही हे महागात पडते. स्लोव्हेनियातील मातेय चेर्ने आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये असे आढळले की, इतरही त्याच्यापासून हात राखून राहतात आणि त्याचीच सर्जनशीलता घटते. जेथे चढाओढीपेक्षा शिकण्याला महत्त्व होते, तेथे मात्र ही घट कमी होती.