छतातल्या नळीचे दोन सांधे

पावसाळ्यात ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग उमटला की वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवर पहिला संशय जातो. आमच्याकडेही तेच झालं. प्लंबर येऊन गेला, डाग पसरतच राहिला. शेवटी एसीच्या मेकॅनिकने छताची टाइल उचलली. पाणी कुठल्याच पाइपातून गळत नव्हतं. थंड हवा आणणाऱ्या लवचिक नळीच्या, म्हणजे फ्लेक्झिबल डक्टच्या सांध्यावरून ते ठिबकत होतं. हवेतलंच पाणी होतं ते.

ही नळी एकसंध दिसते, पण तिला तीन थर असतात. आत तारेच्या वेटोळ्यावर चढवलेली पातळ फिल्म. हवा वाहते ती तिच्यातून. तिच्याभोवती ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची रजई आणि सर्वांत बाहेर चंदेरी आवरण. घाईच्या कामात तिन्ही थर एकदमच पत्र्याच्या कॉलरवर, म्हणजे नळी जिथे जोडायची त्या गोल तोंडावर, सरकवतात आणि वरून टेप गुंडाळतात. सांधा बाहेरून नीटनेटका दिसतो. आतली फिल्म मात्र सैलच राहते, आणि तिथून सुटलेली हवा ग्लासवूलमध्ये शिरते. खोलीत पोहोचायच्या आधीच ती वाया जाते.

खरं तर इथे दोन सांधे करायचे असतात. शर्टाची बाही दुमडावी तसं आवरण आणि ग्लासवूल आधी मागे सारायचं. आतली फिल्म कॉलरवर किमान २५ मिलिमीटर चढवायची, टेपचे दोन वेढे द्यायचे आणि त्यावर पट्टा आवळायचा. कॉलरला उंचवटा असेल तर पट्टा त्याच्या पलीकडे बसवायचा, म्हणजे फिल्म निसटत नाही. मग बाही खाली ओढायची. पत्रा कुठेही उघडा राहू द्यायचा नाही. आवरणाला वेगळा टेप, वेगळा पट्टा. आतला सांधा हवा अडवतो, बाहेरचा बाष्प.

मुंबईच्या पावसाळ्यात हा दुसरा सांधा फार महत्त्वाचा. ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रता असली की घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा १४ अंशांवर जेमतेम १२ ग्रॅम धरू शकते. आवरणाला फट असेल तर दमट हवा थेट गार फिल्मपर्यंत पोहोचते आणि उरलेलं पाणी तिथेच सुटतं. ग्लासवूल भिजते. भिजलेली ग्लासवूल उष्णता अडवत नाही, मग आवरणही गार पडून त्याला बाहेरून घाम येऊ लागतो.

टेप कोणता, हेही पाहायला हवं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९० च्या दशकात सांधे बंद करण्याची निरनिराळी साधनं गरम-थंड हवेच्या माऱ्यात तपासली. त्यात नापास झाला तो रबरी गोंदाचा कापडी टेप, म्हणजे ज्याला सगळे ‘डक्ट टेप’ म्हणतात तोच! डक्टसाठी प्रमाणित केलेला फॉइल टेप किंवा ब्रशने लावायचं मास्टिक, म्हणजे फटी बुजवणारा घट्ट लेप, वापरावं.

आमच्या मेकॅनिकने सांधा उघडला, ग्लासवूल पिळली तर हातातून पाण्याची धार लागली. तो तुकडा त्याने कापून टाकलाच, शिवाय हातभर जादा नळीही कापली. नळी ताणलेली नसेल तर आतल्या फिल्मच्या चुण्या हवेला अडवतात आणि झोळ पडला की सांध्यावर वजन येतं. नवा सांधा करून त्याने नळीला मध्ये रुंद पट्टीचा आधार दिला, आणि मगच टाइल परत बसवली.