कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचं लायसन्स काढताय? एच-वन-बी वाल्यांनी आधी हे वाचा

ऑफिसातला कुणीतरी डब्यात एल्कचं, म्हणजे हरणाच्या कुळातल्या एका मोठ्या जनावराचं, मटण आणतो, आपण चाखतो आणि मग डोक्यात किडा शिरतो की आपणही जाऊया. जा की, पण कागदांचा क्रम चुकवू नका, बंदूक सगळ्यात शेवटी.

आधी हंटर एज्युकेशन कार्ड, म्हणजे शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स केल्याचा दाखला. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना ते लागतं, दुसऱ्या राज्यातलं असलं तरी चालतं. मग कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर अकाउंट, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर आणि आयडी लागतो. राज्यात सलग सहा महिने राहिला असाल तर रेसिडेंट, आणि हा पुरावा नीट जोडा, कारण रेसिडेंटला एल्कचं लायसन्स साठ-सत्तर डॉलरच्या घरात पडतं नि बाहेरच्याला नर एल्कसाठी सातशेच्या वर. हॅबिटॅट स्टॅम्प, म्हणजे प्राण्यांचा अधिवास जपण्यासाठीची फी, वेगळी.

आता मुद्द्याचं. एच-वन-बी, एल-वन, एच-फोर अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे, मित्राची रायफल रेंजवर नुसती हातात घेतली तरी अडकाल. सूट कधी मिळते, तर चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तेव्हा. आणि गंमत म्हणजे ड्रॉचा, म्हणजे मर्यादित लायसन्सं वाटणाऱ्या सोडतीचा, अर्ज भरायला आधी एक क्वालिफाइंग लायसन्स घ्यावंच लागतं, त्यात वार्षिक स्मॉल गेमचं चालतं, म्हणजे ससे-पक्ष्यांच्या त्या एका कागदात दोन्ही कामं होतात. तरी ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर वकिलाला एकदा विचाराच. बंदूक घ्यायला दुकानात गेलात की हे लायसन्स दाखवावं लागतं, बॅकग्राउंड चेक होतो नि वर तीन दिवस थांबायचं. धनुष्याला यातलं काहीच नाही, म्हणून आपल्यातले बरेच जण तिकडूनच सुरुवात करतात.

ड्रॉची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. हरणाचं, म्हणजे म्यूल डिअर वगैरे, सगळं ड्रॉनेच मिळतं, एल्कचं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रायफल सीझनला बऱ्याच भागांत सरळ काउंटरवर मिळतं. अर्जात हंट कोड असतो, समजा ई-एफ-०५४-ओ१-आर: ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, ०५४ हा युनिट, म्हणजे शिकारीचा ठरलेला भाग, ओ१ सीझन, आर रायफल. मी पहिल्या वर्षी रात्री झोपेत एम ऐवजी एफ टाकला आणि शिंगांची स्वप्नं बघत बसलो, निकाल आला तर मादीचं लायसन्स! पहिल्या पसंतीचं नाही लागलं तर त्या प्राण्यासाठी पुढच्या ड्रॉत प्राधान्य देणारा एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, चांगल्या युनिटला लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात. मला तर एफ लागल्यामुळे तोही मिळाला नाही.

धनुष्याचा सीझन सप्टेंबरमध्ये, रायफलचे चार ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. धनुष्य किमान ३५ पाउंड ओढीचं हवं, क्रॉसबो या सीझनला चालत नाही. रायफल किमान .२४ कॅलिबरची, एल्कसाठी गोळीचं वजन ८५ ग्रेनच्या खाली नको. रायफलवाल्यांनी कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी घालायचं, टोपीसकट, कॅमोफ्लाज केशरी नको. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. खासगी जमिनीवर कुंपण नसलं, पाटी नसली तरी मालकाची परवानगी लागते, "दिसलं नाही" हे वन्यजीव खात्याचा वॉर्डन ऐकून घेत नाही.

प्राणी पडला की लायसन्सच्या टॅगवर सही-तारीख लगेच, फोटो नंतर. नर की मादी हे ओळखू येईल असा भाग मांसाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवायचा, साफ करायच्या घाईत तो कापू नका. काही युनिटला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाची तपासणी सक्तीची असते, त्यासाठी डोकं जमा करावं लागतं, सक्ती नसली तरी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये, घरी कितीही पाहुणे आले तरी रस्सा थांबवा.