मंत्रिमंडळ फेरबदल (घटक राज्य)

मंत्रिमंडळ फेरबदल : सरकार सत्तेवर असताना मुख्यमंत्र्याने मंत्र्यांची खाती बदलणे, काहींना वगळणे व नव्यांना घेणे. नुसत्या रिकाम्या जागा भरल्या तर तो विस्तार. कोणी बाहेर गेले किंवा खाती हलली तर फेरबदल. वृत्तपत्रे हा भेद क्वचितच पाळतात. प्रत्यक्ष फेरबदलाआधी महिनोन्‌महिने चालणारी अटकळबाजी हा या प्रक्रियेचाच एक भाग मानावा लागतो, कारण राज्यपालांकडे नावे जाईपर्यंतच्या टप्प्याला कायद्याने कोणतेच रूप दिलेले नाही.

मराठीत या अर्थी ‘खांदेपालट’ हा शब्दही रूढ आहे. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणे हा त्याचा एक अर्थ. वाहणाऱ्यांनीच जागा बदलणे हा दुसरा. पहिल्या अर्थी तो खातेबदलाला नेमका लागू पडतो, दुसऱ्या अर्थी माणूसबदलाला. राजकीय वापर यांपैकी कोणत्या अर्थावरून आला हे ठरवणे अवघड आहे. पालखीच्या भोयांचे चित्र वापरणाऱ्यांच्या मनात अधिक असावे, असे दिसते.

पूर्वपीठिका : १९१९ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, तेव्हा सोपीव (म्हणजे मंत्र्यांकडे सोपवलेल्या) खात्यांचे मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर असत. त्यांना बांधून ठेवणारा प्रांतिक पंतप्रधान (आजच्या मुख्यमंत्र्याच्या जागी असणारा) नव्हता, त्यामुळे आजच्या अर्थाने फेरबदल संभवत नव्हता. १९३५ च्या कायद्याच्या कलम ५१ मध्येही मंत्री गव्हर्नरनेच निवडावेत व त्याच्या मर्जीपर्यंत पदावर राहावेत, अशी भाषा होती. मात्र स्थिर बहुमत ज्याच्या मागे असेल त्याच्याशी विचारविनिमय करून निवड करावी, असे गव्हर्नरला दिलेल्या निर्देशपत्रात सांगितले होते. प्रांतिक पंतप्रधानाला सहकारी बदलता येतो काय, हा प्रश्न या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. तो मध्य प्रांत व वऱ्हाडात जुलै १९३८ मध्ये ऐरणीवर आला.

तेथील काँग्रेस मंत्रिमंडळाचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे. रामराव देशमुख व पुरुषोत्तम गोळे हे त्यांच्या बाजूचे. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलातले, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातले तिघे दुसऱ्या बाजूला. मराठी आणि हिंदी भागांतील चढाओढ हे या दुहीमागचे एक कारण होते. मे महिन्यात पचमढीला समेट झाला, पण टिकला नाही. २० जुलैला खरे, देशमुख व गोळे यांनी राजीनामे दिले. उरलेल्या तिघांनी पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देण्यास नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले, आणि २१ जुलैला खरे यांचे नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले. दोनच दिवसांत खरे यांना वर्ध्यास काँग्रेसश्रेष्ठींपुढे राजीनामा द्यावा लागला व शुक्ल पंतप्रधान झाले.

या प्रकरणाविषयी दोन मते आढळतात. एका मते पंतप्रधानाचा राजीनामा म्हणजे साऱ्या मंत्रिमंडळाचा राजीनामा. म्हणून वायली यांचे कृत्य संसदीय संकेताला धरूनच होते. दुसऱ्या मते विधिमंडळातील पक्षाचा कौल न घेता गव्हर्नरने एका गटाला हाताशी धरले, आणि ‘मर्जी’ या शब्दाचा वसाहतवादी वापर केला. गव्हर्नर कायद्याच्या चौकटीत राहिले आणि भांडण मुळात पक्षशिस्तीचे होते, हे पहिल्या मताच्या जवळचे प्रतिपादन अधिक ग्राह्य वाटते. खरे यांच्या नव्या मंत्रिमंडळात दलित समाजातील रामेश्वर अग्निभोज होते. त्यांचा समावेश श्रेष्ठींना रुचला नाही, असा दावा खरे यांनी पुढे केला व डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. त्या दाव्याचा मूळ वादाशी कितपत संबंध जोडावा, हे सांगताना सावध राहणे बरे.

संविधानातील तरतुदी : डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सामूहिक जबाबदारीवर बोलताना आंबेडकरांनी दोन सूत्रे मांडली. पंतप्रधानाच्या सल्ल्यावाचून कोणालाही मंत्रिमंडळात घेऊ नये, आणि पंतप्रधानाने नको म्हटलेल्या कोणालाही ठेवू नये. राज्यांसाठी हाच आशय अनुच्छेद १६४ मध्ये आहे : मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात व मंत्री राज्यपालांच्या मर्जीपर्यंत पदावर राहतात. ही मर्जी व्यवहारात मुख्यमंत्र्याचीच असते. तामिळनाडूत २९ जून २०२३ रोजी राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याविना मंत्री सेंथिल बालाजी यांना बडतर्फ केले आणि त्याच रात्री तो आदेश स्थगित ठेवला. ‘मर्जी’ हा जुना शब्द अजून पुरता निवलेला नाही, एवढे त्यातून दिसते. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत असते. ती संपल्यावर निवडून न येताच त्याची पुन्हा नेमणूक करणे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात अवैध ठरवले. खातेवाटप अनुच्छेद १६६(३) खालील नियमांनी होते.

संख्यामर्यादा : उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांच्या १९९७ मधील मंत्रिमंडळाने नव्वदी ओलांडली होती. अशा मंत्रिमंडळांना आळा घालण्यासाठी २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६४(१क) घातला. मुख्यमंत्र्यासह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावी आणि १२ हून कमी नसावी. महाराष्ट्रात २८८ जागांचे १५ टक्के ४३.२, म्हणजे ४३. गुजरातेत १८२ चे २७.३, म्हणजे २७. येथे अपूर्णांक निमूट सोडून देता येतो. अडचण ९० जागांच्या विधानसभांची. तेथे हिशेब १३.५ येतो, आणि अर्धा मंत्री कोणत्या बाजूला मोजायचा हे संविधान सांगत नाही. हरियाणाने १४ केले. छत्तीसगड १३ वर थांबत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन नवे मंत्री घेऊन तेथेही १४ झाले व विरोधकांनी आक्षेप घेतला. ‘अधिक नसावी’ या शब्दांचा सरळ अर्थ १३ कडे झुकतो.

महाराष्ट्रातील रीत : उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला सहा मंत्र्यांसह शपथ घेतली आणि ३० डिसेंबरच्या विस्तारात ४३ चा कोटा भरून टाकला. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे व देवेंद्र फडणवीस या दोघांचेच सरकार आले. ९ ऑगस्टला १८ जणांचा शपथविधी होईपर्यंत ते दोघांचेच राहिले. २ जुलै २०२३ ला अजित पवार आठ सहकाऱ्यांसह आले तेव्हा एकूण संख्या २९ झाली. उरलेल्या १४ जागांवर नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत चर्चा होत राहिली. जागा मात्र भरल्याच नाहीत. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. नागपुरातील असा शपथविधी १९९१ नंतर प्रथमच झाला.

शपथ आणि खातेवाटप यांत अलीकडे अंतर पडते. २०२२ मध्ये ते पाच दिवसांचे होते, २०२३ मध्ये बारा, २०२४ मध्ये सहा. या काळात मंत्री बिनखात्याचे असतात आणि दुसऱ्या फेरीची अटकळ रंगते. पालकमंत्रिपद ही तिसरी फेरी. जानेवारी २०२५ मध्ये यादी निघाल्यावर एका दिवसात रायगड व नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. निव्वळ अदलाबदलीचे स्वच्छ उदाहरण ३१ जुलै २०२५ चे : विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याच्या चित्रफितीवरून वाद झाल्यावर माणिकराव कोकाटे यांचे कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे आणि भरणे यांचे क्रीडा खाते कोकाटे यांच्याकडे गेले.

अटकळ व तिची भाषा : संभाव्य यादी सहसा रिकाम्या जागांच्या गणितातून निघते. त्यावर विभाग, जात, पक्षाचा वाटा व नाराजांची संख्या यांचे थर चढतात. मुख्यमंत्र्यांची दिल्लीवारी, राज्यपालांची वेळ, त्यांच्या निवासस्थानातील मांडव या खुणा मानल्या जातात. पितृपक्षात तारीख सांगणारी बातमी जाणकार बाजूला ठेवतात. ज्यांना पद मिळेल त्यांची ‘वर्णी’ लागते, ज्यांचे जाईल त्यांना ‘डच्चू’. इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून आणि देव पाण्यात घालून बसतात. खात्यांची प्रतवारी ‘मलईदार’ या एका विशेषणाने होते. गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, तरी ‘लाल दिवा कोणाला?’ हा मथळा टिकून आहे. हुकलेल्यांची समजूत महामंडळावर काढली जाते.

अटकळीचा उगम बहुधा इच्छुकांच्या गोटातच असतो. आपले नाव छापून आणणे ही दावेदारी नोंदवण्याची रीत झाली आहे, आणि नाव फार आधी छापून आले तर पत्ता कापला जातो अशी समजूतही तितकीच घट्ट आहे. मुख्यमंत्र्यालाही ही चर्चा सोयीची ठरते : जागा रिकामी राहिली की एका जागेवर चार जणांची आशा टिकते. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात पुढे आलेल्या, मंत्र्यांना अडीच वर्षेच ठेवण्याच्या सूत्राने वाट पाहण्याला मुदत घातली, हे त्यातले नवे.

अन्य राज्ये : गुजरातेत १६ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री वगळता सर्व मंत्र्यांचे राजीनामे घेऊन दुसऱ्या दिवशी २६ जणांचे मंत्रिमंडळ आणले गेले. गोव्यात ४० जागांचे १५ टक्के सहाच होतात, म्हणून तेथे किमान १२ ची तरतूद लागू पडते. बाराही जागा भरलेल्या असल्या की कोण येणार याआधी कोण जाणार हे विचारावे लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसमधून आलेले दिगंबर कामत यांचे नाव तेथे जवळजवळ तीन वर्षे चर्चेत होते. जून २०२५ मध्ये गोविंद गावडे यांना वगळले गेले, ऑगस्टमध्ये आलेक्स सिक्वेरा यांनी राजीनामा दिला, आणि २१ ऑगस्टला कामत व रमेश तवडकर यांनी शपथ घेतली.