अल्पवयीन व्यक्ती आणि अग्निशस्त्रे : भारतीय कायदा

अग्निशस्त्र मिळवण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी किंवा सोबत नेण्यासाठी कायद्याने घालून दिलेली किमान वयाची अट, आणि त्या वयाखालच्या व्यक्तीवर तसेच तिला शस्त्र देणाऱ्यावर येणारी बंधने, हा या नोंदीचा विषय आहे. भारतात ही बंधने मुख्यतः शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ मध्ये आहेत. पोलिसांच्या कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत ‘हत्यार कायदा’ म्हणून ओळखला जाणारा हा अधिनियम १८७८ च्या वसाहतकालीन शस्त्र कायद्याच्या जागी आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. परवाना मागण्याची रीत, प्रशिक्षण, शस्त्राची साठवण इत्यादी तपशील शस्त्र नियम, २०१६ मध्ये दिलेले आहेत.

या विषयात ‘अल्पवयीन’ हा शब्द जपून वापरावा लागतो. एरवी वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की भारतीय व्यक्ती सज्ञान ठरते. करार करते, मतदान करते. शस्त्र अधिनियमाची मर्यादा मात्र २१ वर्षांची आहे. मूळ अधिनियमात ती १६ होती आणि १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ करण्यात आली. त्यानंतर काही वर्षांतच, १९८९ मध्ये, राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. म्हणजे एकाच दशकात मताचा हक्क तरुणांच्या जवळ आला आणि बंदूक त्यांच्यापासून दूर गेली. या दोन निर्णयांत विसंगती नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मतदान हा नागरिकाचा हक्क आहे. शस्त्र बाळगणे हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने हक्क नसून, राज्याने व्यक्तीची पात्रता पाहून, कारण विचारून आणि अटी घालून दिलेली परवानगी आहे. ज्या १९८३ च्या दुरुस्तीने वय वाढवले, तिनेच एका व्यक्तीकडे तीनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे असू नयेत अशी मर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आणली.

कलम ९ ची सुरुवातच ‘या अधिनियमाच्या आधीच्या तरतुदींत काहीही असले तरी’ अशा आशयाच्या शब्दांनी होते, आणि या कलमाचा सगळा जोर त्या शब्दांत आहे. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये परवान्याच्या सक्तीला एक छोटी सवलत आहे : परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती स्वतःचा परवाना नसतानाही त्याचे शस्त्र दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी नेऊ शकते. गावाकडे वडिलांची बंदूक तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीला न्यायची असते, वडिलांना गुडघ्यांमुळे एसटीचा प्रवास झेपत नाही, आणि १९ वर्षांचा मुलगा चिठ्ठी घेऊन निघायला तयार असतो. मुलगा २२ वर्षांचा असता तर ती चिठ्ठी चालली असती. १९ व्या वर्षी ती चालत नाही, कारण कलम ९ ची मनाई कलम ३ च्या सवलतीवरही मात करते. हा भेद पुष्कळ परवानाधारकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

याच कलमाचा दुसरा भाग विक्रेत्याला आणि हस्तांतर करणाऱ्याला बांधतो. समोरची व्यक्ती मनाई असलेल्या वर्गातली आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, तिला अग्निशस्त्र वा दारूगोळा विकता येत नाही, देता येत नाही, आणि तिच्यासाठी शस्त्राची दुरुस्ती किंवा चाचणीही करता येत नाही. शिवाय कलम २९ नुसार, घेणारा कायद्याने पात्र आहे की नाही याची आधी खातरजमा न करता शस्त्र त्याच्या ताब्यात देणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे ‘मुलगा थोराड दिसत होता’ हा बचाव शस्त्रविक्रेत्याला फारसा उपयोगी पडत नाही. परवाना हातात घेऊन पाहणे आणि विक्रीची नोंद वहीत करणे हे त्याच्या धंद्याचेच अंग आहे. परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्ताकडे असतो, आणि वयाची पहिली चाळणी तेथेच लागते.

कायदेशीर बंदूक महाराष्ट्रात सर्वात घरगुती रूपात दिसते ती कोकणात. वानर आणि रानडुकरांपासून भातशेती व बागा राखण्यासाठी दिलेल्या शेतसंरक्षणाच्या परवान्यावर अनेक घरांत ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असते. शेजारच्या गोव्यातही ही पद्धत आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १३ मध्येच आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि नंतर सोडवून आणायच्या, हा तिथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला क्रम आहे. अशा घरात परवानाधारक वारला आणि वारस २१ वर्षांखालचा असला की नेमका पेच उभा राहतो. बंदूक आजोबांपासून चालत आलेली असते, शेत आता मुलगाच करत असतो आणि डुकरे त्याच्या वयाची वाट पाहत थांबत नाहीत. तरीही परवाना त्याच्या नावावर होऊ शकत नाही. कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते; विहित मुदतीत वारसाला ते कायदेशीररीत्या बाळगता येऊ लागल्यास परत घेता येते, अन्यथा विकून टाकता येते. घरातल्या २१ वर्षे पूर्ण केलेल्या वारसाने, बहुधा आईने, स्वतःच्या नावे परवाना मागणे हा दुसरा मार्ग असतो. भिंतीवरची बंदूक इतकी जुनी आणि मोडकी असेल की दुरुस्ती करूनही ती चालणार नाही, तर कलम ४५ नुसार अधिनियम तिला लागूच होत नाही. पण ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत : नुसता गंज चढला म्हणून बंदूक शोभेची वस्तू होत नाही.

वयाच्या अटीला अपवाद आहेत. कलम ९ च्या पोटकलम (२) मध्ये, विहित वय पूर्ण केलेल्या व्यक्तीला प्रशिक्षणाच्या ओघात, विहित अटींवर, ठरावीक प्रकारची अग्निशस्त्रे वापरण्याची मुभा दिलेली आहे, आणि शस्त्रप्रकारानुसार वेगवेगळी वयोमर्यादा ठरवता येईल असेही म्हटले आहे. भारतातील कनिष्ठ गटाची नेमबाजी या पोटकलमावर उभी आहे. नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता; त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. मुलाची सुरुवात बहुधा १० मीटर अंतराच्या एअर रायफलने किंवा एअर पिस्तुलाने होते. ठरावीक मर्यादेतल्या, म्हणजे २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेने छर्रा सोडणाऱ्या हवेच्या बंदुकांना परवान्याची सक्ती नाही, त्यामुळे शाळकरी वयात हा खेळ सुरू करताना कायद्याची अडचण येत नाही. खरे अग्निशस्त्र हाती येते ते .२२ च्या, म्हणजे ०.२२ इंच नळीव्यासाच्या, प्रकारांत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो याच वर्गातला आहे. त्याच जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या यशानंतर तिथल्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागली. अशा मुलांना देखरेखीखाली आणि वेळेत सराव मिळावा यासाठी ही वाट मोकळी असणे आवश्यक आहे. ती बंद केली असती तर गुन्हा एकानेही घटला नसता आणि खेळ मात्र संपला असता.

दुसरा अपवाद शासकीय दलांचा आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या सदस्याने कर्तव्याच्या ओघात शस्त्र हाताळणे कलम ४५ ने अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणून शाळेतला छात्र एनसीसीच्या शिबिरात चटईवर पालथा पडून .२२ रायफलीने लक्ष्यावर गोळ्या झाडतो, तेव्हा कोणताही नियम मोडला जात नाही. सैन्यातही साडेसतराव्या वर्षी भरती होता येते. मात्र ते शस्त्र सरकारचे असते आणि कर्तव्यापुरते हाती येते. तोच जवान सुटीवर घरी आला की २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत खासगी परवान्याला अपात्रच असतो.

घरातले परवाना असलेले शस्त्र मुलाच्या हाती लागले तर काय, या प्रश्नाला भारतीय कायद्याचे उत्तर तोकडे आहे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी परवानाधारकाकडून घेतली जाते. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवाना रद्दही होऊ शकतो. जीव गेला असेल तर भारतीय न्याय संहितेतील निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचे कलम १०६ लागू शकते. पण मुलाला शस्त्र सहज मिळेल असे ते ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. अमेरिकेत, जेथे बंदुका अतोनात आहेत आणि खरेदीचे नियम कितीतरी सैल आहेत, तेथे फ्लॉरिडा राज्याने १९८९ मध्येच असा कायदा केला व पुढे अनेक राज्यांनी तो उचलला. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथील शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल वडिलांनी काही दिवसांपूर्वीच विकत आणलेले होते. २०२४ मध्ये त्याचे आई आणि वडील दोघेही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि प्रत्येकाला १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. भारतात घरोघरी बंदूक नाही हे खरे आहे. तरीही ज्या घरात ती आहे तेथे कुलूप कोणी लावायचे आणि न लावल्यास काय होईल, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते.

आतापर्यंतचे विवेचन परवान्याच्या शस्त्राचे झाले. महाराष्ट्रात मुलांच्या हाती सापडते ते शस्त्र बहुतेक वेळा परवान्याचे नसतेच. ते असते गावठी कट्टा किंवा गावठी पिस्तूल, आणि सोबत दोन-तीन जिवंत काडतुसे. अशा शस्त्राला ना विक्रेत्याची नोंदवही असते ना परवान्याची चाळणी. त्यामुळे २१ वर्षांची अट येथे कोणालाही अडवत नाही. अटक झाल्यावर लागतात ती दुसरी कलमे. २१ वर्षांखालच्या व्यक्तीने शस्त्र बाळगण्याबद्दल शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(२) मध्ये एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, इतकीच शिक्षा आहे. याउलट कोणीही विनापरवाना अग्निशस्त्र बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड आहे, आणि प्रत्यक्षात गुन्हा नोंदवला जातो तो बहुधा याच तरतुदीखाली. बातमीत ‘हत्यार कायदा कलम ३ (२५)’ असे येते ते हेच : कलम ३ परवान्याच्या सक्तीचे, कलम २५ शिक्षेचे.

ताब्यात घेतलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर ती पोलिसांच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरते आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम कलम ९४ ने घालून दिला आहे. १६ ते १८ वयाच्या बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा की नाही याचा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यांत, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापन केल्यानंतर होतो. नुसता कट्टा बाळगणे या व्याख्येत बसत नाही. अवैध शस्त्रांची निर्मिती वा विक्री आणि प्रतिबंधित शस्त्र (उदा. स्वयंचलित बंदूक) बाळगणे या गुन्ह्यांची किमान शिक्षा २०१९ नंतर सात वर्षे झाल्याने ते मात्र बसतात. केवळ व्यापक जरब बसावी म्हणून प्रौढांसाठी वाढवलेल्या शिक्षेने मुलांच्या वर्गीकरणाची रेषाही अशी आपोआप सरकली, आणि या परिणामाची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही.

पुण्यात किशोरवयीन टोळ्यांच्या संदर्भात चर्चेत आलेला कोयता या नोंदीच्या कडेला येतो. कलम ९ ची वयोमर्यादा फक्त अग्निशस्त्रे आणि दारूगोळा यांना आहे, त्यामुळे कोयत्याला ती लागू नाही. शिवाय निव्वळ शेतीच्या किंवा घरगुती वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतूनच वगळलेल्या आहेत. म्हणून पोलीस अशा प्रकरणांत शस्त्र अधिनियमाचे कलम ४ (अधिसूचित क्षेत्रात इतर शस्त्रांनाही परवाना सक्तीचा करणारे) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचे मनाई आदेश यांचा आधार घेतात.

मुलाच्या हाती कट्टा देणारा प्रौढ हा या साखळीतला खरा दुवा आहे, आणि त्याच्यासाठी दोन तरतुदी आहेत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ नुसार बालकाला सशस्त्र गटात भरती करणाऱ्या, तसेच टोळीच्या किंवा वैयक्तिक बेकायदेशीर कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये गुन्हा करण्यासाठी बालकाला कामावर ठेवणे किंवा गुंतवणे यासाठी किमान तीन व कमाल दहा वर्षांचा कारावास सांगितला आहे. मुलाची चौकशी बाल न्याय मंडळापुढे आणि प्रौढाचा खटला नेहमीच्या न्यायालयात, अशी दोन्ही प्रकरणे वेगळी चालतात.