हौद्यातली जादा बॅटरी: इलेक्ट्रिक पिकअपचा पल्ला वाढवण्याची जुनी खटपट

मे 2025 मध्ये टेस्लाने सायबरट्रक या आपल्या इलेक्ट्रिक पिकअपच्या 'रेंज एक्स्टेंडर'साठी आगाऊ घेतलेले 2,000 डॉलर ग्राहकांना परत करायला सुरुवात केली. हौद्यात बसवायची ही जादा बॅटरी विक्रीला येणारच नाही, हे तेव्हा पक्कं झालं. मोठ्या कंपनीने इलेक्ट्रिक पिकअपसाठी जाहीर करून किंमत लावलेली अशी वस्तू एवढी एकच ठळक होती, त्यामुळे चर्चा तिच्यावरच अडकली. पण आहे त्या गाडीला आणखी बॅटरी जोडून लांब जाण्याची कल्पना लिथियम बॅटरीपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि दर वेळी ती जवळपास त्याच ठिकाणी अडते.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने 1910 च्या सुमारास इलेक्ट्रिक ट्रकसाठी बॅटरी बदलून देण्याची सेवा सुरू केली. ट्रक जनरल व्हेइकल कंपनीकडून बॅटरीशिवाय घ्यायचा, बॅटरी वीज कंपनीची. ट्रकमालकाने दरमहा ठराविक रक्कम आणि वर मैलागणिक आकार भरायचा. उतरलेली बॅटरी काढून भरलेली चढवली की गाडी पुन्हा कामावर. 1924 पर्यंत चाललेल्या या सेवेत ट्रकांनी एकूण 60 लाखांहून जास्त मैल, म्हणजे 96 लाखांहून अधिक किलोमीटर धाव घेतली. दुसरी बॅटरी सोबत वाहून नेण्याऐवजी ती वाटेत तयार ठेवायची, हा या व्यवस्थेचा गाभा. शिसं-आम्लाच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम 30 ते 40 वॉट-तास ऊर्जा मावते. दुप्पट पल्ल्यासाठी दुप्पट बॅटरी लादली असती, तर मालाला जागा आणि वजन दोन्ही उरलं नसतं.

पुढे पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते सुधारले आणि हा विषय कित्येक दशकं मागे पडला.

तो परत आला कॅलिफोर्नियामुळे. 1990 मध्ये त्या राज्याने धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याची सक्ती आणली आणि कंपन्यांना काहीतरी दाखवणं भाग पडलं. 1997 ची शेव्हरोले एस-10 ईव्ही ही पिकअप 16.2 किलोवॉट-तासांच्या शिसं-आम्ल बॅटरीवर निघाली. पुढच्याच वर्षी तिला निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा पर्याय मिळाला, क्षमता सुमारे 29 किलोवॉट-तास. फोर्डची रेंजर ईव्ही 1998 ते 2002 या काळात आली. घरच्या घरी गाडी इलेक्ट्रिक करणाऱ्या हौशी लोकांनाही पिकअपच आवडे, कारण चेसिस दणकट असते आणि हौदा बिजागरीवर उचलून खाली बॅटऱ्यांची रांग लावता येते. रेंज कमी पडली की आणखी बॅटऱ्या हौद्यात. त्यात दोन गोष्टी हमखास बिघडायच्या. नवी बॅटरी जुन्यांच्या माळेत ओवली की सगळ्यात कमकुवत बॅटरी आधी संपून उलटी चार्ज व्हायची आणि कायमची जायची. आणि मागच्या स्प्रिंगा बसायच्या, मग चढावर पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग सैल वाटायचं.

याच काळात वजनाचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला गेला. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमासच्या एसी प्रोपल्शन कंपनीने 'लाँग रेंजर' नावाचा छोटा ट्रेलर बनवला. त्यावर मोटारसायकलचं 500 सीसी कावासाकी इंजिन आणि सुमारे 20 किलोवॉटचा जनित्र. रोजच्या कामाला ट्रेलर घरी ठेवायचा, लांबच्या प्रवासाला मागे जोडायचा. 20 किलोवॉट ऐकायला कमी वाटतात, पण सपाट हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या छोट्या मोटारीला साधारण तेवढेच लागतात. चढाची जादा गरज गाडीतली बॅटरी भागवते. फ्रान्समध्ये ईपी टेंडरने हाच विचार उचलला. त्यांच्या सुरुवातीच्या ट्रेलरमध्ये टाटा नॅनोचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं. नंतर त्यांनी इंजिन काढून बॅटरीचा ट्रेलर केला. पिकअपला मात्र हा मार्ग गैरसोयीचा. तिच्या मागच्या हुकावर बहुतेक वेळा होडी, घोड्यांचा ट्रेलर नाहीतर कॅराव्हॅन आधीच अडकवलेली असते.

लिथियम आल्यावर हिशेब बदलला. पूर्ण पॅकचं, म्हणजे पेटीसकट बॅटरीचं वजन धरूनही किलोमागे 150 वॉट-तासांच्या आसपास मिळू लागले आणि जादा बॅटरी वजनाच्या दृष्टीने शक्य कोटीत आली. पण जोडणी अवघड झाली, आणि घरगुती प्रयोग बहुतेक तिथेच फसतात.

सर्वांत जास्त अनुभव निसान लीफ या इलेक्ट्रिक मोटारीवर जमला, कारण तिच्या बॅटऱ्या भंगारात सहज मिळायच्या आणि रचना साधी होती. सेलचे 96 गट एकामागे एक, पूर्ण भरल्यावर साधारण 394 व्होल्ट. दुसरा तसाच पॅक समांतर जोडायचा, एवढंच काम वाटतं. पण दोन पॅकांत सेलमागे फक्त 0.1 व्होल्टचा फरक असेल, तर एकूण फरक 9.6 व्होल्ट होतो. तारा, जोड आणि सेल धरून मार्गातला रोध 0.1 ओम असेल, तर काँटॅक्टर (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा विद्युत स्विच) मिटल्या क्षणी 96 अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात धावतात. एक पॅक भरलेला आणि दुसरा अर्धा असेल तर हा आकडा शेकड्यांत जातो. मिटतामिटता काँटॅक्टरच्या टोकांत ठिणगी पडते, टोकं वितळून चिकटतात, आणि मग चावी काढली तरी पॅक सुटत नाही. म्हणून क्रम पाळावाच लागतो: दोन्ही पॅकांचा व्होल्टेज मोजायचा, फरक दोन-तीन व्होल्टांच्या आत येईपर्यंत जोडायचं नाही, आधी ऋण बाजूचा काँटॅक्टर, मग प्रवाह हळूहळू सोडणाऱ्या प्रीचार्जच्या रोधातून, शेवटी धन बाजूचा मुख्य काँटॅक्टर. प्रत्येक पॅकला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःची बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा हवी. रसायनही एकच हवं. लोह-फॉस्फेट सेलचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, निकेल-मँगनीजचा हळूहळू उतरतो. दोन्ही एकत्र बांधले की आधी एकच पॅक सगळा भार ओढतो.

त्यापुढची अडचण गाडीच्या मेंदूची. मूळ बीएमएस आपल्या शंटमधून (प्रवाह मोजण्याच्या रोधातून) गेलेला प्रवाह मोजून चार्ज किती उरला ते ठरवते. जादा पॅक शंटच्या पलीकडे जोडला, तर अर्धा प्रवाह तिला दिसतच नाही. मीटरवरचे टक्के भलतेच दिसतात आणि अखेर दोष नोंदवून गाडी थांबते. लीफवाल्यांनी यावर कॅन ब्रिज काढला; कॅन म्हणजे गाडीतल्या भागांचं आपसात संदेश पाठवण्याचं जाळं. बॅटरी आणि गाडी यांच्यामधल्या तारेत बसून संदेशातले आकडे बदलणारं हे छोटं सर्किट.

इन्सुलेशनची देखरेख ही तिसरी अडचण, आणि ती फार लोक विसरतात. उच्च व्होल्टेजचं सर्किट आणि गाडीचा पत्रा यांच्यातला रोध सतत तपासला जातो. 400 व्होल्टच्या प्रणालीला व्होल्टमागे 500 ओम धरले, तर किमान 2 लाख ओम. जादा पॅकमध्येही असाच देखरेख करणारा भाग चालू राहिला, तर दोघं एकमेकांच्या चाचणीच्या संकेताला गळती समजतात. दोघांपैकी एकच चालू ठेवावा लागतो.

बाजारातलं पोर्टेबल पॉवर स्टेशन हौद्यात ठेवण्याचा उपाय सोपा, पण त्याचा लाभ तोलून बघावा. 3.6 किलोवॉट-तासांचं यंत्र सुमारे 45 किलोचं असतं. इन्व्हर्टर आणि गाडीतला चार्जर यांत घट जाऊन गाडीच्या बॅटरीत 3 किलोवॉट-तास पोचतात. फोर्ड एफ-150 लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 किलोवॉट-तासांची आणि तिची अधिकृत रेंज 320 मैल, म्हणजे किलोमीटरला साधारण 0.25 किलोवॉट-तास. मिळाले 12 किलोमीटर. तेही उभ्या गाडीत, कारण चार्जिंगचा प्लग खोचलेला असताना गाडी गिअर घेत नाही. शिवाय अशा यंत्रात न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंगची तार) सहसा एकमेकांना जोडलेले नसतात. चार्जिंग केबल आधी अर्थ तपासते, तो सापडला नाही की लाल दिवा लावून बसते. न्यूट्रल-अर्थ जोडणारा प्लग मोकळ्या सॉकेटमध्ये घातला की चार्जिंग सुरू होतं. यंत्र घराच्या वायरिंगला जोडलेलं असताना मात्र हा प्लग कधीही वापरू नये.

कारखान्यांच्या पातळीवर रिव्हियनने काढून ठेवता येणाऱ्या, शीतकरणासह असलेल्या जादा बॅटरीचं पेटंट मागितलं होतं. ती बाजारात आली नाही. टेस्लाने मात्र किंमत लावली. नोव्हेंबर 2019 मध्ये सायबरट्रक दाखवताना 500 मैलांहून जास्त रेंजचं मॉडेल सांगितलं होतं. 30 नोव्हेंबर 2023 ला गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या तेव्हा सर्वांत लांब जाणारी आवृत्ती 340 मैलांची, म्हणजे 547 किलोमीटरची निघाली. मधली तूट भरून काढायला 16,000 डॉलरचा एक्स्टेंडर आणि 470 मैलांचं वचन. मुख्य पॅक 123 किलोवॉट-तासांचा. त्यावरून हिशेब केला तर जादा 130 मैलांसाठी 47 किलोवॉट-तास लागतात, आणि किलोमागे 150 वॉट-तासांनी वजन 300 किलोच्या वर जातं. ही पेटी केबिनच्या मागे हौद्याच्या साधारण एक तृतीयांश भागात आडवी बोल्टने बसणार होती आणि बसवणं-काढणं टेस्लाच्या सर्व्हिस सेंटरमध्येच. शनिवारी जोडली, सोमवारी उतरवली, असं जमणार नव्हतं. त्यात मुख्य पॅक 800 व्होल्टच्या वर्गातला आणि 400 व्होल्टच्या चार्जरवर दोन भागांत विभागला जाणारा. जोडलेल्या पेटीने या दोन्ही अवस्थांशी जुळवून घ्यायला हवं. 2024 मध्ये वचन 445 मैलांवर आलं, तारीख 2025 च्या मध्यावर गेली, एप्रिल 2025 मध्ये पर्याय संकेतस्थळावरून दिसेनासा झाला.

त्यातली खरी अडचण एका बेरजेत दिसते. सायबरट्रकची भारक्षमता सुमारे 1,134 किलो. एक्स्टेंडरचे 320, चार मोठ्या माणसांचे 320, आणि 4,000 किलोच्या ट्रेलरचा दहा टक्के भार हुकावर येतो तो 400. झाले 1,040. सामानाला 94 किलो उरतात. शिवाय जड ट्रेलर ओढताना विजेचा खप जवळपास दुप्पट होतो, म्हणजे 130 मैलांचे 65 होतात. ज्याला जादा पल्ल्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पदरात तो सर्वांत कमी पडतो.

जनरल मोटर्सने दुसरं टोक गाठलं: जोडायचं काही नको, कारखान्यातूनच 200 किलोवॉट-तासांच्या वरची बॅटरी. हमर ईव्हीच्या बॅटरीचंच वजन सुमारे 1,300 किलो भरतं आणि गाडी चार टनांच्या पलीकडे जाते.

आणखी काही उत्पादक 1990 च्या दशकातल्या ट्रेलरच्या विचाराकडे वळले, फक्त इंजिन चेसिसच्या आत घेऊन. व्होक्सवॅगनच्या स्काउटने ऑक्टोबर 2024 मध्ये टेरा पिकअपसाठी जनित्राचा पर्याय जाहीर केला, 500 मैलांहून जास्त. सप्टेंबर 2025 मध्ये रॅमने निव्वळ इलेक्ट्रिक पिकअप सोडून दिली आणि 92 किलोवॉट-तासांची बॅटरी, 3.6 लिटरचं व्ही6 इंजिन आणि 130 किलोवॉटचा जनित्र असलेल्या गाडीला तिचं नाव दिलं. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डनेही लाइटनिंगचं उत्पादन थांबवून पुढची पिढी जनित्रवाली असेल असं सांगितलं. या रचनेत इंजिन चाकांना जोडलेलं नसतं, ते फक्त वीज करतं. ट्रेलर ओढताना चढावर 130 किलोवॉटचा आधार मिळत राहतो, टाकी पाच मिनिटांत भरते, आणि हौदा पूर्ण रिकामा राहतो.